साडेतीन वर्षांच्या मुलीला स्टेरॉइडचा पंप सुरू केलाय, मास्क लावला की रडते. औषध आत जातं का?

जुळेसोलापूर
वजन १३ किलो. सहा महिन्यांत चार वेळा धाप लागली. डॉक्टरांनी बुडेसोनाइड १०० मायक्रोग्रॅम, सकाळ-संध्याकाळ एकेक पफ, मास्कच्या स्पेसरमधून (पंप आणि मास्कच्या मधली नळी), तीन महिने लिहून दिलंय. १० दिवस झाले, रात्रीचा खोकला आहे तसाच. घरचे म्हणतात उंची खुंटेल, पंपाची सवय लागेल, त्यापेक्षा वाफ बरी. काय करावं?

फुंकर
१० दिवसांत निकाल लावू नका. हे औषध श्वासनळीची सूज हळूहळू उतरवतं, त्याला काही आठवडे लागतात.

खरी अडचण रडण्याची आहे. रडलं की श्वास खोल जातो, औषधही जास्त जातं, असं बरेच जण समजतात. होतं उलटंच. रडताना मूल लांब श्वास सोडतं आणि हिसका देऊन घेतं, त्यामुळे औषध घशातच बसतं. त्यात मास्क गालावरून जराही उचलला गेला तर उरलेलं बाहेर.

म्हणून दिवसा, औषध न घालता, बाहुलीला मास्क लावू द्या, मग स्वतःला. पफ देताना मांडीवर सरळ बसवा. पंप चांगला हलवा, मास्क नाक-तोंडावर घट्ट टेकवा, एकच पफ दाबा आणि पाच-सहा शांत श्वास मोजा. स्पेसरची झडप प्रत्येक श्वासाला हललेली दिसली पाहिजे. हलत नसेल तर कुठेतरी फट आहे. एका वेळी दोन पफ लिहून दिले असतील तर पंप पुन्हा हलवून दुसरा वेगळा द्या. नंतर चेहरा पुसा, पाणी पाजा. दात घासण्याआधी डोस ठेवला की तोंडात पांढरे चट्टे येण्याची भीती कमी होते.

स्पेसर धुताना कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि तसाच निथळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते, औषध भिंतींनाच चिकटतं.

दवाचिठ्ठी
उंचीबद्दल: एका अभ्यासात ५ ते १३ वर्षांच्या दमेकरी मुलांना बुडेसोनाइड रोज ४०० मायक्रोग्रॅम, चार ते सहा वर्षं दिलं होतं. मोठेपणी त्यांची उंची हे औषध न दिलेल्या मुलांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली (२०१२). तुमचा डोस त्याच्या निम्मा आहे. हा परिणाम सुरुवातीच्या एक-दोन वर्षांतच दिसतो, दरवर्षी वाढत जात नाही. उलट धाप वाढून तोंडाने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यावं लागलं तर ते सगळ्या शरीरात फिरतं, आणि वारंवार द्यावं लागणं हेच जास्त काळजीचं. उंची दर तीन महिन्यांनी मोजून लिहा.

सवय लागत नाही. औषध थांबवल्यावर त्रास परत येऊ शकतो, कारण दमा आतून बरा झालेला नसतो. म्हणून खोकला थांबला की आपणहून पंप बंद करू नका, कमी कधी करायचा ते डॉक्टर ठरवतील.

"वाफ" या एका शब्दात तीन गोष्टी येतात, घरच्यांना वेगळ्या करून सांगा. गरम पाण्याची वाफ दम्यावर इलाज नाही, लहान मूल भाजतं मात्र. सॅल्ब्युटामॉलचं (श्वासनळी लगेच मोकळी करणारं औषध) नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करणारं मशीन, फक्त धाप लागल्यावर. बुडेसोनाइडचं नेब्युलायझर म्हणजे हेच स्टेरॉइड, मात्राही पंपाहून जास्त. शिवाय त्याला हवेच्या दाबावर चालणारं मशीन लागतं, अल्ट्रासोनिक चालत नाही.

यंत्रमाग
घरात विडी वळतात किंवा मागाची रुई उडते तिथे पंप घेऊनही खोकला राहतो. तंबाखू निवडणं, गोधड्या झटकणं मूल घराबाहेर असताना करा. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या धुळीत नेणार असाल तर सॅल्ब्युटामॉलचा पंप आणि स्पेसर पिशवीत हवाच. स्टेरॉइडचा पंप तातडीच्या धापेवर कामाचा नाही. पोट उडतंय, बरगड्यांमध्ये खड्डे पडताहेत, बोलता येत नाही किंवा ओठ निळसर, तर सॅल्ब्युटामॉल देत देत तडक दवाखाना गाठा.

आणि पंप गाडीच्या डिकीत ठेवू नका की, आपल्याकडचं ऊन माहीत आहे.

जुळेसोलापूर
मास्कमधली फट सापडली, नाकाच्या बाजूला होती. पंपावर आकडा दिसत नाही, संपला हे कसं कळणार?

दवाचिठ्ठी
हलवून कळत नाही, औषध संपल्यावरही फवारा निघतो. डब्यावर २०० पफ लिहिलं असेल तर रोज दोन म्हणजे १०० दिवस. सुरुवातीला हवेत सोडलेले पफ त्यातून वजा करा आणि संपण्याची तारीख पंपावरच चिकटपट्टी लावून लिहा.