इटली ट्रेनने, आई-बाबांना घेऊन, धावपळ न करता: रूट कसा ठरवू?

कोथरूडकर_७: मंडळी, सप्टेंबरअखेर साधारण दोन आठवडे इटलीला जायचंय. मी, बायको आणि आई-बाबा. दोघेही सत्तरीच्या आसपास, चालतात बऱ्यापैकी पण आईचे गुडघे कुरकुरतात, आणि ती शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. गाडी भाड्याने घ्यायची नाहीये, सगळं ट्रेननेच. टूर कंपनीवाल्याने मिलान, व्हेनिस, चिंक्वे तेर्रे (समुद्रकाठची पाच गावं), पिसा, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स, सोरेंतो असं दिलंय, जवळपास रोज नवीन हॉटेल. बघूनच दमलो. यातलं काय उडवू?

भटकी_मैना: अर्धं उडवा बिनधास्त. तीनच मुक्काम ठेवा, व्हेनिस, बोलोन्या आणि रोम, बाकी सगळं तिथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत. विमानाचं तिकीट व्हेनिसला उतरून रोमहून परत असं काढा म्हणजे उलटं यायला नको. बोलोन्या लोक उगाच वगळतात, पण ट्रेनचा सगळ्यात मोठा अड्डा तोच, फ्लॉरेन्स फास्ट ट्रेनने पाऊण तासाच्या आत, व्हेनिस दीड तास, आणि फेर्रारा, मोदेना, पार्मा, रावेन्ना सगळी लोकल गाडीच्या टप्प्यात. शिवाय गावभर कमानींखालून चालायचं, नुसत्या जुन्या शहरातच अडतीसेक किलोमीटर कमानी आहेत (२०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्या), ऊन असो पाऊस असो, ज्येष्ठांना फार सोयीचं. रावेन्नाला मात्र जाच, पाचव्या-सहाव्या शतकातली मोझेक आहेत, गाव सपाट, स्टेशनपासून चालत. गाला प्लाचिदियाचं समाधीघर बाहेरून अगदी साधं विटांचं, आत गेलात की डोक्यावर निळं आकाश आणि सोनेरी चांदण्या, माझी सासू तिथून हलायलाच तयार नव्हती.

रूळावरचा_माणूस: वरच्यांशी सहमत. ट्रेनचं थोडं सांगतो. फ्रेच्चारोसा आणि इतालो या फास्ट गाड्यांची तिकिटं विमानासारखी, लवकर काढली की स्वस्त, पण स्वस्तातलं तिकीट बदलायला जमत नाही किंवा पैसे कापतात. रेजोनाले म्हणजे लोकल गाड्यांचं तसं नाही, भाडं ठरलेलं, आदल्या दिवशी काढा नाहीतर दहा मिनिटं आधी, सारखंच, म्हणून छोट्या सहलींची तिकिटं इथून काढून ठेवू नका, सकाळी आईचा मूड बघून ठरवा. फक्त कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी मशीनमध्ये पंच करायचं आणि मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करायचं, नाहीतर दंड, आणि टीसी तुमचं काही ऐकत नाही. बोर्डावर गाडीचं शेवटचं स्टेशन लिहितात, तुमचं नाही, तेव्हा गाडी नंबर बघा. बोलोन्याला फास्ट गाड्यांचे प्लॅटफॉर्म खोल जमिनीखाली आहेत, वेळ हाताशी ठेवून पोचा. आणि संप! वर्षातून बऱ्याचदा होतात, आधी जाहीर करतात, कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक रेजोनाले गाड्या तरी सोडतात.

कोथरूडकर_७: वा, धन्यवाद! पण चिंक्वे तेर्रे सोडवत नाहीये हो, बायकोने फोटो बघून ठेवलेत 😅 आणि आईचं खाण्याचं काय?

भटकी_मैना: कोर्निलिया हे गाव उंचावर, स्टेशनपासून पावणेचारशेच्या वर पायऱ्या (बस असते, पण गर्दी). बाकी चार गावांत स्टेशन पायथ्याशी पण गल्ल्या चढाच्याच. जायचंच तर तुम्ही दोघं जा, आई-बाबांना लुक्काला सोडा, तिथे गावाभोवतीच्या तटबंदीवरून झाडांच्या सावलीत सपाट फिरता येतं, चारेक किलोमीटरचा फेरा. पण तेवढ्यासाठी बोलोन्यातून एक रात्र कमी करून लुक्काला राहावं लागेल, बघा.

ताक_कण्या: खाण्याचं माझ्याकडून. बोलोन्यात ताज्या पास्त्यात अंडं असतंच, तात्ज्लियातेल्ले, तोर्तेल्लीनी सगळं, आणि तोर्तेल्लीनीत वर मांसही, म्हणजे आईंसाठी दोन्ही बाद. सुका पास्ता मागा, तो रवा-पाण्याचा असतो. पार्मेजान चीज जनावराच्या रेनेटने (दूध फाडायला वापरतात ते वासराच्या पोटातलं विरजण) करतात, कडक पाळत असतील तर तेही नको सांगा. फरीनाता दिसली तर घ्याच, बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, आपल्या धिरड्याची लिगुरियातली चुलत बहीण. लुक्काकडेही मिळते, तिथे चेचीना म्हणतात. पिझ्झा मारिनारात चीजच नसतं.

रूळावरचा_माणूस: रोमहून एक दिवस ओर्विएतोला काढा, सवा तास. गाव कड्यावर आहे पण स्टेशनसमोरूनच फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी चढाची गाडी) वर नेते, गुडघ्यांना त्रास नाही. वर पोचल्यावर जवळच सान पात्रित्सिओची विहीर आहे, उतरायला २४८ पायऱ्या आणि चढायला वेगळा तितक्याच पायऱ्यांचा जिना, तिथे बाबांना पाठवा आणि आईंना कॅथेड्रलसमोर बसवा. नेपल्स-सोरेंतो या खेपेला नकोच, पॉम्पेईला जाणारी लोकल खचाखच भरते आणि पॉम्पेईतले रस्ते दगडी, ओबडधोबड.

कोथरूडकर_७: ठरलं मग, व्हेनिस, बोलोन्या, लुक्का एक रात्र, रोम. टूरवाल्याला आजच नाही कळवतो. व्हेनिसला बाहेर जमिनीवरच्या मेस्त्रेत राहू का आत बेटांवर?

भटकी_मैना: आत. मेस्त्रे स्वस्त आहे, पण सकाळ-संध्याकाळ गर्दी ओसरल्यावरचं व्हेनिस मग हातातून जातं. फक्त हॉटेल घेताना स्टेशनपासून वाटेत किती पूल लागतात ते नकाशात मोजा, पुलांना पायऱ्या असतात आणि बॅगा तुम्हालाच उचलायच्यात.