मदत हवी आहे : मुलांना शरीराबद्दल कसं सांगावं?

नमस्कार. आम्ही परभणीजवळच्या खेड्यात राहतो. दोन लेकरं, थोरला 11 वर्षांचा, धाकटा 5 चा. परवा थोरला हळूच म्हणाला, "आई, छातीत गाठ आलीय, दुखायलीय. मला मोठा आजार झालाय का?" चार दिवस एकटाच घाबरून होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयात येताना बऱ्याच मुलांना असं होतं, बहुतेकदा आपोआप जातं. जीव भांड्यात पडला. पण मला आधी माहीत असतं तर लेकरू झुरलं नसतं.

हे बदल 9 ते 14 या वयात सुरू होतात म्हणे. म्हणजे आवाज फुटणं, मिसरूड, सगळं पुढंच आहे. ह्यांना म्हटलं तुम्ही बोला, तर "आम्हाला कुणी शिकवलं होतं?" म्हणून शेतात निघून गेले.

धाकट्याला अंघोळीत स्वतः धुवायला आणि कुणी नको तिथं हात लावला तर ओरडून आईला सांगायला शिकवलंय. पण त्या अवयवाचं खरं नाव 'शिश्न' आत्ताच सांगावं, की घरातला लाडाचा शब्दच चालू द्यावा?

आणि थोरल्याशी मीच बोलले तर तो लाजून गप्प बसेल का? ज्यांनी मुलांशी बोलून पाहिलंय त्यांनी सुरुवात कुठून केली, नेमके कोणते शब्द वापरले, ते कृपा करून सांगा.