घरच्या वर्कशॉपसाठी स्वतः बनवलेली साधने: अनुभव धागा

घरामागचे पत्र्याचे शेड असो, गाडी लावायची जागा असो किंवा शेतातल्या आखाड्यावरची एक खोली असो, मराठवाड्यात असे छोटे वर्कशॉप चालवणारे पुष्कळ जण आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांनी एखादे तरी साधन स्वतः बनवलेले असते. त्या साधनांचे अनुभव या धाग्यात लिहावेत, अशी सर्वांना विनंती आहे. साधन कशापासून बनवले, त्याचे माप कशावरून धरले आणि वापरात ते टिकले का, एवढे आले तरी पुरेसे आहे. ड्रिल, ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन बाजारात मिळते. आपल्या कामाच्या मापाचे जिग मात्र कोणी दुकानात तयार ठेवत नाही, म्हणून धाग्याचा भर अशा जिगवर, म्हणजे काम धरून ठेवणाऱ्या आणि हत्याराची वाट ठरवून देणाऱ्या साधनांवर राहावा.

सुरुवात मीच करतो. गोल पाइपाच्या बरोबर मध्यावर छिद्र पाडताना पंच मारूनही ड्रिलचे टोक उतारावरून घसरते. त्यावर उपाय म्हणून मी 40 मिलिमीटरच्या लोखंडी अँगलचा वीतभर तुकडा घेतला. असा अँगल पालथा ठेवून त्याच्या दोन्ही बाजू पाइपाला टेकवल्या की, दोन इंची पाइपापर्यंत कोणताही पाइप असला तरी, अँगलची शीर बरोबर मध्यावर येते. शिरेला ड्रिल जाण्यापुरती खाच केली आणि तिच्यावर बुश (ड्रिलला सरळ वाट देणारे कडे) बसवला. हा बुश म्हणजे 6200 क्रमांकाच्या निकामी बेअरिंगची आतली रिंग आहे; तिचे भोक 10 मिलिमीटरचे असते आणि पोलाद इतके कठीण असते की ड्रिल घासून ते सहजासहजी मोठे होत नाही. ती रिंग वेल्डिंगने मात्र जोडू नये, कारण बेअरिंगच्या पोलादात कार्बन सुमारे 1 टक्का असल्यामुळे वेल्डच्या कडेला तडा जातो. जाड पट्टीत छिद्र पाडून रिंग त्यात दाबून बसवावी आणि ती पट्टी अँगलला बोल्टने आवळावी.

वाळूज, निवृत्त टूलरूम फिटर

माझी नोकरी वाहनांच्या सुट्या भागांची फिक्स्चर (काम चालू असताना भाग पक्का धरून ठेवणारी साधने) बनवण्यात गेली आणि आता घराच्या जिन्याखालच्या जागेत शेजारपाजारच्या कामांसाठी तेच करतो. कारखान्यातली एक गोष्ट घरी जशीच्या तशी उपयोगी पडते, ती म्हणजे तीन-दोन-एकचा नियम. कोणतीही वस्तू तीन दिशांना सरकू शकते आणि तीन अक्षांभोवती फिरू शकते. तळाला तीन टेकू, लांब बाजूला दोन आणि आखूड बाजूला एक दिला, आणि वस्तू त्यांच्यावर दाबून धरली, की या सगळ्या हालचाली बंद होतात आणि वस्तू दर वेळी त्याच जागी बसते. नवशिक्याला तळाला चौथा टेकू द्यावासा वाटतो. पण चारांपैकी एक जरी केसाएवढा खाली असला तरी वस्तू डुगडुगते, तर तीन टेकूंवर ओबडधोबड ओतीव भागसुद्धा स्थिर राहतो.

टेकू म्हणून मी षटकोनी बोल्ट वापरतो. बेसप्लेटला आटे पाडून बोल्टचे डोके हव्या त्या उंचीवर आणायचे आणि लॉकनटने आवळायचे; पुढे झीज झाली तर तोच बोल्ट थोडा वर घेता येतो. क्लॅम्प नेहमी टेकूच्या बरोबर वर यावा. दोन टेकूंच्या मधोमध आवळले तर पट्टी वाकते, वाकलेल्या स्थितीत छिद्र सरळ पडते आणि क्लॅम्प सोडल्यावर तेच छिद्र तिरपे झालेले दिसते. टेकूंच्या कडेला चुरा पडायला जागा मोकळी सोडावी. शिवाय एखादी खुंटी अशी बसवावी की वस्तू उलटी ठेवली तर ती आत जाणारच नाही. दिवसअखेर थकलेल्या हातांना याचा फार उपयोग होतो.

सपाटपणाबद्दल थोडे लिहितो, कारण सगळी मापे शेवटी तिथून निघतात. दोन प्लेटा एकमेकींवर जुळवत नेल्या तर एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट होऊनही त्या तंतोतंत बसू शकतात. तीन प्लेटा आळीपाळीने, दिशा बदलत, रंग लावून आणि उंच भाग खरडून एकमेकींशी जुळवल्या, तर तिन्ही सपाट होतात. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 मध्ये ही पद्धत मांडली. घरी एवढा खटाटोप नको असेल तर 12 मिलिमीटरची फ्लोट काच जाड प्लायवुडवर ठेवावी. आपल्या कामापुरती ती पुरते.

जालना, शेती अवजारांची दुरुस्ती

जालन्यात लोखंडाच्या रोलिंग मिल असल्यामुळे भंगारात माल भरपूर दिसतो, पण प्रत्येक तुकडा हत्याराच्या कामाचा नसतो. बांधकामाच्या टीएमटी सळईत कार्बन कमी असतो, त्यामुळे तिला पाणी दिले (तापवून एकदम गार केले) तरी धार टिकत नाही. छन्न्या आणि खरडण्या मी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून बनवतो. तापवताना नुसत्या रंगावर विसंबण्यापेक्षा लोहचुंबक जवळ ठेवावा: सुमारे 770 अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. तिथून थोडे अधिक तापवून ते कोमट करडईच्या तेलात बुडवावे. पाण्यात बुडवल्यास पाट्याला तडा जाण्याची भीती असते आणि गाडीचे जळके ऑइल वापरल्यास त्याचा धूर छातीत जातो. नंतर पृष्ठभाग घासून उजळ करावा आणि मागच्या बाजूने मंद आच द्यावी. फिका पिवळा रंग साधारण 220 अंशांना येतो, तो खरडणीला पुरे; हातोड्याचे घाव सोसणाऱ्या छन्नीसाठी 280 अंशांच्या आसपासचा जांभळा रंग धारेपर्यंत येऊ द्यावा.

ऐरणीसाठी बरेच जण रेल्वे रुळाचा तुकडा शोधतात. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा पावतीशिवाय मिळणाऱ्या तुकड्याच्या वाटेला जाऊ नये. जुना जाड शाफ्ट लाकडी ओंडक्यात उभा रोवला तरी काम भागते.

लातूर, ग्रिल आणि दरवाजांची कामे

माझे मिस्टर आणि मी खिडक्यांच्या ग्रिलची कामे घेतो. एकाच मापाच्या अनेक खिडक्या असल्या की दर वेळी गुण्या लावत बसणे परवडत नाही, म्हणून आम्ही चॅनेलच्या दोन तुकड्यांचा कायमचा काटकोन टेबलावर बसवला आहे. तो बसवताना एका बाजूवर 600 आणि दुसरीवर 800 मिलिमीटरची खूण केली आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर 1000 येईपर्यंत तुकडा सरकवला. समोरच्या दोन बाजूंचे अडसर खाचेत सरकणारे आहेत, त्यामुळे माप बदलले तरी टेबल तेच राहते.

वेल्डिंगचा रस गार होताना आकसतो आणि कोपरा आपल्याकडे ओढतो. त्यामुळे आधी चारही कोपऱ्यांना टाके मारावेत, मग दोन्ही कर्ण मोजावेत, नंतर समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून भरावेत आणि चौकट पूर्ण गार झाल्याशिवाय क्लॅम्प काढू नयेत. जीआय पाइप असेल तर जोडाजवळचा जस्ताचा थर घासून काढावा आणि वारा पाठीमागून येईल असे उभे राहावे. त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. वाळूजच्या काकांना एक विचारायचे आहे. उन्हाळ्यात दुपारी मोजलेल्या चौकटीत संध्याकाळी फरक दिसतो, त्याचे काय करावे?

परभणी, आखाड्यावरचे शेड

आमच्याकडे काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर केलेला कोबा वर-खाली होतो, म्हणून चार पायांचे कोणतेही स्टँड वर्षभर स्थिर राहत नाही. ड्रिलचे स्टँड मी तीन पायांचे केले आणि पायांत लांब बोल्ट घातले. पातळी पाहायला गवंड्यांची पारदर्शक नळी वापरतो. तीत पाणी भरताना हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, कारण एक बुडबुडासुद्धा पातळी खोटी दाखवतो. नवीन शेड बांधणाऱ्यांनी आधी काळी माती काढून मुरूम भरून घ्यावा.

हिंगोली

बाभळीच्या लाकडाचा ठोकळा-हातोडा जिगमधला भाग बसवायला उत्तम, कारण लोखंडावर वळ उठत नाही. लाकूड ओले असतानाच दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावून सावलीत वाळवावे, नाहीतर ते चिरते.

धाराशिव

हवेच्या कॉम्प्रेसरसाठी गॅसच्या जुन्या सिलिंडरची टाकी करता येईल का?

धागाकर्ता

दादा, करू नका. घरगुती सिलिंडर गॅस कंपनीच्या मालकीचा असतो. रिकामा दिसला तरी त्यात उरलेली वाफ कापताना पेटू शकते, आणि आतून किती गंज चढला आहे ते बाहेरून कळत नाही. कॉम्प्रेसरची म्हणून बनवलेली आणि पाण्याच्या दाबाने तपासलेली टाकीच घ्यावी. या एका बाबतीत घरगुती बनावटीचा आग्रह मला मान्य नाही.

वाळूज, निवृत्त टूलरूम फिटर

लातूरच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर. लोखंड दर मीटरला दर अंशाला साधारण 0.012 मिलिमीटर वाढते. म्हणजे उन्हात 30 अंशांनी अधिक तापलेली 2 मीटरची चौकट सुमारे पाऊण मिलिमीटर लांब होते. ॲल्युमिनियम त्याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे 1.4 मिलिमीटरच्या आसपास वाढते. पोलादी टेप चौकटीइतकाच तापलेला असेल तर दोन्ही सारखेच वाढतात आणि वाचन बरोबर येते. फरक पडतो तो सावलीतला टेप उन्हातल्या किंवा नुकत्याच वेल्ड केलेल्या चौकटीला लावल्यावर. तेव्हा टेप काही वेळ चौकटीवरच ठेवून मग मोजावे. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी लोखंडी चौकटीत बसवायची असेल तर दोन्ही बाजूंना 2 मिलिमीटर मोकळीक सोडा आणि अंतिम माप सकाळी, ऊन चढण्याआधी घ्या.