शब्दचर्चा : ‘खलनायक’ हा शब्द पीटर लोरे याला कितपत लागू पडतो?

प्रश्न

जुन्या हॉलिवूडमधील नट पीटर लोरे याच्यावर मी एक लेख लिहीत असून त्याच्या पहिल्याच वाक्यापाशी अडलो आहे. ‘हॉलिवूडचा गाजलेला खलनायक’ असे लिहिले की मराठी वाचकाला अर्थ तत्काळ कळतो, यात शंका नाही. परंतु त्याचे चित्रपट लागोपाठ पाहिले, तर हा शब्द त्याच्या बहुतेक भूमिकांना सैल होतो असे जाणवते. ‘एम’मधला बालहत्या करणारा बेकर्ट, ‘द माल्टीज फाल्कन’मधला अत्तराचा दरवळ घेऊन येणारा जोएल कैरो आणि ‘कॅसाब्लांका’मधला उगार्ते हे तिघेही वाममार्गाला लागलेले आहेत, पण त्यांपैकी एकालाही नायकाच्या तोलामोलाचा प्रतिस्पर्धी म्हणता येत नाही. खलपुरुष, खलपात्र, प्रतिनायक, दुर्जन हे शब्द आपल्याकडे आहेत. ते केवळ समानार्थी मानावेत, की त्यांच्या अर्थांत खरोखर भेद आहे? आणि भूमिकेसाठी असलेला शब्द नटालाच लावण्याची आपली जी रीत आहे, ती कितपत ग्राह्य धरावी?

पहिला प्रतिसाद

आपण विचारलेले दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, आणि लोरेच्या बाबतीत तर दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षाही गंभीर आहे. मात्र आधी शब्दांकडे पाहू.

‘प्रतिनायक’ हा यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत काटेकोर शब्द आहे. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या संस्कृत नाट्यशास्त्रावरील ग्रंथात त्याचे लक्षण ‘लुब्धो धीरोद्धतः स्तब्धः पापकृद् व्यसनी रिपुः’ असे दिले आहे. यातील ‘स्तब्ध’ म्हणजे मराठीतला निश्चल नव्हे, तर ताठर, गर्विष्ठ. आणि ‘व्यसनी’चा अर्थही केवळ दारू-जुगारापुरता नाही. या लक्षणातला शेवटचा शब्द आपल्या दृष्टीने निर्णायक आहे. प्रतिनायक हा नायकाचा रिपू असावा लागतो, म्हणजे त्याचे पात्रत्वच नायकाशी असलेल्या वैरातून सिद्ध होते. टीकाकाराने रामासमोर रावण आणि युधिष्ठिरासमोर दुर्योधन अशी उदाहरणे दिली आहेत, त्यावरून या शब्दाला किती उंचीचा माणूस अभिप्रेत आहे हे कळते.

हॉलिवूडमध्ये या लक्षणात नेमका बसणारा नट हवा असेल तर तो बॅसिल रॅथबोन. 1938 च्या रॉबिन हूडवरील चित्रपटात त्याने सर गाय ऑफ गिसबोर्न साकारला आणि 1940 च्या ‘द मार्क ऑफ झोरो’मध्ये कॅप्टन एस्तेबान. दोन्ही ठिकाणी तो सशस्त्र, उंचापुरा, ताठ मानेचा आहे आणि चित्रपटाचा सारा ओघ नायकाशी होणाऱ्या त्याच्या अखेरच्या तलवारयुद्धाकडे वाहतो. रॅथबोन प्रत्यक्षातही निष्णात तलवारपटू होता आणि पडद्यावर मात्र त्याला हरावे लागे. नायकाचा पराक्रम ज्याच्या पराक्रमावर मोजला जातो, तो प्रतिनायक.

लोरे या साच्यात बसत नाही. बुटका, गोल चेहऱ्याचा, मोठे, पाणीदार डोळे असलेला आणि बहुधा दबक्या, लाडिक आवाजात बोलणारा हा माणूस नायकासमोर दंड थोपटून उभा राहतच नाही. ‘द माल्टीज फाल्कन’ (1941) मधला एकच प्रसंग पाहावा. कैरो चित्रपटाचा नायक असलेल्या खासगी गुप्तहेर सॅम स्पेडच्या कचेरीत येतो. तो आत येण्याआधीच त्याच्या नावाच्या कार्डाचा सुगंध स्पेडच्या नाकापर्यंत पोहोचलेला असतो. चित्रपटाच्या नावातल्या पक्ष्याच्या मूर्तीसाठी तो मोठ्या अदबीने पाच हजार डॉलर देऊ करतो आणि मग पिस्तूल रोखून कचेरीची झडती घेण्याचा मनोदय सांगतो. स्पेड ते पिस्तूल हिसकावून त्याला एका ठोशात आडवा करतो. शुद्धीवर आल्यावर कैरो आपल्या चुरगळलेल्या कपड्यांबद्दल हळहळतो, व्यवहाराचे बोलणे पुरे करतो, पिस्तूल परत मागून घेतो आणि ते हातात येताच तीच झडतीची धमकी त्याच शांतपणे पुन्हा देतो. या वेळी स्पेडला हसू आवरत नाही आणि तो त्याला खुशाल झडती घेऊ देतो. हा माणूस लोभी आहे, कपटी आहे, अतिशय चिवट आहे, पण रिपू होण्याइतके वजन त्याला नाही, आणि लोरेने ते वजन मुद्दामच अंगावर घेतलेले नाही. संस्कृत नाट्यातच त्याचा जवळचा आप्त शोधायचा तर तो रावणात सापडणार नाही. ‘मृच्छकटिका’तल्या शकारात तो सापडेल, कारण शकार एकाच वेळी हास्यास्पद आणि धोकादायक आहे, आणि त्याच्या हास्यास्पदतेमुळे त्याचा धोका कमी होत नाही.

‘खलपुरुष’ हा शब्द मराठी नाट्यसमीक्षेने चांगला रुळवला आहे. गडकऱ्यांच्या ‘भावबंधना’तील घनश्यामाला आपण खलपुरुष म्हणतो तेव्हा त्याच्या मनातली सूडबुद्धी, त्याची आखणी, त्याचे पाताळयंत्री डोके आपल्याला अभिप्रेत असते. म्हणजे या शब्दाचा भर वैरापेक्षा स्वभावावर आहे. हा भर लोरेच्या काही भूमिकांना चपखल लागू पडतो. 1935 च्या ‘मॅड लव्ह’ या त्याच्या पहिल्या अमेरिकी चित्रपटातला डॉक्टर गोगोल हा तसा खलपुरुष आहे. एका अभिनेत्रीच्या एकतर्फी ओढीने झपाटलेला हा शल्यविशारद तिच्या पियानोवादक पतीला एका खुन्याचे हात जोडतो, आणि पुढे त्या पतीचे मन बिघडवण्याचा पद्धतशीर उद्योग करतो.

‘एम’ (1931) मात्र यांपैकी कोणत्याही शब्दाला दाद देत नाही. फ्रिट्झ लांग याच्या या जर्मन चित्रपटात खुनी प्रथम दिसतो तो केवळ सावलीच्या रूपात, आणि तीही त्याच्याच शिरावर लावलेल्या बक्षिसाच्या जाहिरातीवर पडलेली. पुढे एक आंधळा फुगेवाला त्याच्या शिट्टीवरून त्याला ओळखतो, त्याच्या पाठीवर खडूचे अक्षर उमटते आणि शहरातील गुन्हेगारच त्याला पकडून आपल्या न्यायालयापुढे उभा करतात. तेथे गुडघ्यांवर कोसळून तो जे बोलतो, त्याचा आशय असा की तुम्ही आपखुशीने गुन्हे करता, मला मात्र माझ्या आत जे आहे त्यापासून पळताच येत नाही. त्याचा बचाव करणारा गुन्हेगार वकीलही हेच म्हणतो की रोग्याला जल्लादाकडे न पाठवता वैद्याकडे पाठवावे. ज्ञानेश्वरांनी ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असे मागताना खळ आणि त्याची व्यंकटी, म्हणजे वाकडेपणा, यांना वेगवेगळे केले. लोरेने नेमका हाच भेद पडद्यावर करून दाखवला. त्याने मारलेल्या मुलांना आपण क्षणभरही विसरत नाही, आणि तरीही त्या माणसाचा आक्रोश ऐकून आपण मान फिरवू शकत नाही. माझ्या मते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पडद्यावर झालेल्या अभिनयात या काही मिनिटांच्या तोडीचे फार थोडे आहे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. लोरेचा जन्म 26 जून 1904 रोजी तत्कालीन हंगेरीतील, आजच्या स्लोव्हाकियातील एका गावी ज्यू कुटुंबात झाला. त्याचे मूळ नाव लास्लो लोवेनस्टाइन. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर त्याने जर्मनी सोडली. पुढे 1940 मध्ये नाझींनी ज्यूंविरुद्ध काढलेल्या ‘डेर एविगे यूडे’ या प्रचारपटात ‘एम’मधील त्याच कबुलीजबाबाचा तुकडा वापरला, आणि लिहिलेल्या, बसवलेल्या, अभिनीत केलेल्या त्या भाषणाला ज्यू माणसाच्या खऱ्या स्वभावाचा पुरावा म्हणून लोकांपुढे ठेवले. नट आणि भूमिका यांच्यामधली रेघ पुसली की काय होऊ शकते, याचे याहून भीषण उदाहरण मला ठाऊक नाही. ‘प्रसिद्ध खलनायक अमुक यांचे निधन’ असे मथळे आपण सवयीने लिहितो. त्यामागे दुष्ट हेतू नसतो आणि मराठी वाचक त्यातून गैरसमजही करून घेत नाही, हे मान्य आहे. तरीसुद्धा ज्या नटाच्या आयुष्यात ही रेघ पुसण्याचाच त्याच्याविरुद्ध शस्त्र म्हणून वापर झाला, त्याच्यासाठी ‘खलभूमिकांसाठी गाजलेला नट’ असे चार अक्षरे जास्त खर्चून लिहावे, असा माझा आग्रह राहील.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे. केवळ ‘खलपात्र’ या शब्दाची बाजू मांडतो, कारण तिची दखल घेतली गेलेली नाही. ‘खलपात्र’ हा शब्द लिंगनिरपेक्ष आहे, लहानमोठ्या सर्व भूमिकांना चालतो आणि ‘पात्र’ या घटकामुळे आपण नटाबद्दल न बोलता त्याने रंगवलेल्या व्यक्तीबद्दल बोलत आहोत, हे शब्दातच नोंदले जाते. ‘कॅसाब्लांका’ (1942) मधील उगार्तेचेच पाहा. चित्रपटाच्या आरंभी काही मिनिटे तो दिसतो. दोन जर्मन निरोप्यांना मारून मिळवलेली प्रवासपत्रे चित्रपटाचा नायक रिक याच्याकडे ठेवायला देतो, ‘तुम्हाला माझा तिरस्कार वाटतो ना’ अशा आशयाचा प्रश्न विचारतो आणि रिक त्याला तिरस्काराच्याही योग्यतेचे मानत नाही. त्यानंतर त्याला अटक होते आणि तो कोठडीतच मरतो. त्याच चित्रपटातील मेजर श्ट्रासर हा प्रतिनायक म्हणता येईल, कारण नायकाच्या मार्गात तोच उभा आहे. उगार्ते हे खलपात्र. तेथील पोलीस अधिकारी कॅप्टन रेनो लाचखाऊ आणि बेरकी असूनही शेवटी दोन्हींत मोडत नाही.

श्ट्रासरची भूमिका करणारा कॉनरॅड फाइट हाही नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेला नट होता, आणि हॉलिवूडमध्ये त्याच्या वाट्याला नाझी अधिकाऱ्याची भूमिका आली. नट आणि भूमिका यांतील अंतराविषयी वर जे लिहिले आहे, त्याला हे उदाहरणही जोडावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आता माझी अडचण पुष्कळशी दूर झाली आहे, तरी एक शंका उरते. मग ‘खलनायक’ हा शब्द लोरेच्या संदर्भात टाकूनच द्यावा का? आणि 1951 मध्ये त्याने स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘डेर फेर्लोरेने’ या जर्मन चित्रपटातील भूमिकेला काय म्हणावे? तेथे तो खुनीही आहे आणि कथेचा केंद्रबिंदूही आहे.

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

टाकून देण्याची गरज नाही. या समासाचा विग्रह दोन प्रकारे होऊ शकतो, हे लक्षात घेतले की त्याचा उपयोग अधिक नेमका करता येईल. ‘खलांचा नायक’ असा विग्रह केला, तर तो तत्पुरुष होतो आणि त्याचा अर्थ दुष्टांच्या टोळीचा म्होरक्या असा होतो. 1934 च्या, हिचकॉकच्या ‘द मॅन हू न्यू टू मच’मध्ये लोरे ॲबट नावाच्या म्होरक्याच्या भूमिकेत आहे. इंग्रजी नीट येत नसल्याने त्याने तेथील बरेच संवाद उच्चारांवरून पाठ केले होते, आणि तरीही शांतपणे हसत राहणारा तो म्होरक्या चित्रपटातील इतर सर्वांना झाकोळून टाकतो. 1954 मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर सादर झालेल्या ‘कॅसिनो रॉयल’मध्ये त्याने ल शिफ्रची भूमिका केली, म्हणजे जेम्स बॉन्डचा पडद्यावरचा पहिला शत्रू तोच. या दोन्ही ठिकाणी ‘खलनायक’ निःशंकपणे लिहावे. ‘एम’मध्ये या अर्थाचा खलनायक बेकर्ट नाही. तेथे तो मान गुन्हेगारांच्या न्यायालयाचा अध्यक्ष असलेल्या श्रेंकरकडे जातो, जी भूमिका गुस्टाफ ग्रुंडगेन्स याने केली होती.

‘खल असा नायक’ असा विग्रह केला, तर तो कर्मधारय होतो. दैनंदिन मराठीत हा अर्थ मागे पडला असला, तरी ‘डेर फेर्लोरेने’साठी तोच हवा आहे. या चित्रपटातील डॉक्टर रोटे हा नाझी काळात संशोधन करणारा शास्त्रज्ञ आहे. त्याच्या वाग्दत्त वधूने त्याच्या संशोधनाची माहिती बाहेर फोडली, हे कळल्यावर तो तिचा खून करतो आणि राजवट आपल्या सोयीसाठी ते प्रकरण दडपून टाकते. शिक्षा न झाल्यामुळे तो मुक्त होत नाही, उलट अधिकाधिक खचत जातो. युद्धानंतर निर्वासितांच्या छावणीत नाव बदलून राहत असताना जुना सहकारी समोर येतो आणि सारा भूतकाळ उघडा पडतो. कथेत नायक म्हणून दुसरा कोणी नाही आणि याच्याइतका दोषीही आपल्यासमोर सतत दुसरा कोणी नाही. जर्मनीतील तत्कालीन प्रेक्षकांनी या चित्रपटाकडे पाठ फिरवली आणि लोरेने पुन्हा कधी दिग्दर्शन केले नाही, याची हळहळ वाटते.

आपल्या लेखात ‘मिस्टर मोटो’ मालिकेचाही उल्लेख अवश्य करावा. 1937 ते 1939 या काळातील त्या आठ चित्रपटांत लोरे गुन्ह्यांचा छडा लावणारा जपानी नायक आहे. युरोपीय नटाने रंग-वेष बदलून आशियाई माणूस साकारण्याची ती प्रथा आज आक्षेपार्ह वाटते आणि तसे स्पष्ट लिहावे. पण ज्याला सरसकट खलनायक म्हटले जाते, त्या नटाच्या नावावर सर्वाधिक वेळा साकारलेले पात्र नायकाचे आहे, ही गोष्ट लेखाच्या पहिल्या परिच्छेदातच वाचकाला कळायला हवी.