स्टॉकहोममध्ये एकच दिवस: गाईडबरोबर फिरावं की आपलं आपण?

टॉवेलवाली_सोलापूर

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं (मी ६१, हे ६६) जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्रुप टूरबरोबर स्कँडिनेव्हियाला निघालोय. आयुष्य अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. टॉवेल परदेशात गेले, आम्ही मात्र तिरुपती आणि फार तर दुबई. आता मुलानं माग हातात घेतलेत. म्हणाला, जाऊन या एकदा.

प्रश्न स्टॉकहोमचा आहे. हेलसिंकीहून रात्रभराच्या जहाजानं सकाळी उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओस्लोकडं बस. कागदावर लिहिलंय, ‘स्थानिक गाईडसह तीन तासांची शहरफेरी, वासा म्युझियमसह’. दुपारनंतर मोकळं. त्या वेळात टूरवाले जुन्या शहराची पायी सफर देतायत, पण वेगळे पैसे, माणशी साडेचार हजार. ती घ्यावी का?

ह्यांच्या उजव्या गुडघ्यातलं वंगण संपलंय, जिना चढताना जुन्या बेअरिंगसारखा आवाज येतो. इंग्रजी दोघांनाही कळतं, पण गाईड भरभर बोलायला लागला की माझं पहिलं वाक्य डोक्यात शिरेपर्यंत त्याचं चौथं संपलेलं असतं. आणि हे विचारतायत, बुडालेलं जहाज बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? बुडालेल्या गिरण्या सोलापुरात कमी आहेत का?

---

मेलारेन_काठी

काकू, काकांना सांगा, जहाज बघाच. मी नऊ वर्षं इथं राहतो, आई-बाबा दोनदा येऊन गेले आणि बाबा दोन्ही वेळा वासालाच अडकले.

गोष्ट अशी. राजा गुस्ताव अडोल्फनं ६४ तोफांची युद्धनौका बांधून घेतली. १० ऑगस्ट १६२८ ला ती पहिल्या सफरीला निघाली आणि जेमतेम सव्वा किलोमीटर जाऊन बंदरातच बुडाली. सगळं शहर काठावर उभं राहून बघत होतं. पुढं ३३३ वर्षं चिखलात पडून राहिली आणि १९६१ ला वर काढली, जवळजवळ सगळी अख्खी. बाल्टिकचं पाणी फारसं खारट नाही, त्यामुळं लाकूड पोखरणारा समुद्री किडा त्यात जगत नाही. दुसऱ्या कुठल्या समुद्रात भुगा झाला असता. आत उजेड मंद आणि हवा गार ठेवतात, लाकडासाठी. स्वेटर हाताशी असू द्या. लिफ्ट आहे.

आता तुमचे साडेचार हजार. माझं मत, नका घेऊ. गाम्ला स्तान, म्हणजे जुनं शहर, आपलं आपण फिरता येतं आणि तिथली फरसबंदी गोल दगडांची आहे. दुखऱ्या गुडघ्यानं ग्रुपच्या झेंडीमागं तिथं धावणं ही शिक्षा आहे. गाईडचे पैसे घालायचेच तर सिटी हॉलला घाला. बाहेरून बस थांबवून फोटो काढायला लावतात ती लाल विटांची इमारत तीच. आत मात्र गाईडच्या फेरीशिवाय सोडतच नाहीत. पाऊण तासात होतं. कधी कार्यक्रम असला तर बंद असतं, म्हणून आदल्या दिवशी बघून ठेवा.

वासाहून परत येताना बस नको असेल तर जुन्या शहराजवळच्या स्लुसेनला जाणारी छोटी बोट आहे. मेट्रोचं तिकीट त्यातही चालतं, ७५ मिनिटं. कार्ड नुसतं टेकवायचं. रोख क्रोना बदलून घेऊच नका, कित्येक दुकानं नोटेला हातही लावत नाहीत.

---

नव्या_पेठेतला

काकू, मीपण सोलापूरचाच. गेल्या वर्षी हीच फेरी केली, कंपनी वेगळी (नाव सांगत नाही, पैसे परत यायचेत अजून). तीन तास म्हणजे तीन तास नसतात, हे आधी ध्यानात घ्या. आमच्यातले चाळीस मिनिटं माणसं मोजण्यात गेली. चव्वेचाळीस व्हायचे ते त्रेचाळीस भरायचे. एक आजोबा दरवेळी दुसऱ्याच ग्रुपच्या बसमध्ये जाऊन बसायचे, आणि तिथले लोक त्यांना लाडूही द्यायचे, मग ते कशाला उठतायत!

गाईड बोलते ते बसच्या खिडकीतून कधीच दिसत नाही. ‘डाव्या हाताला राजवाडा’ म्हणेपर्यंत डाव्या हाताला बसथांबा असतो. राजवाड्यात सहाशेच्या वर खोल्या आहेत म्हणे, मला एक कोपरा दिसला. पहिल्या रांगेत बसा, वाटलं तर भांडा.

वासात आम्हाला पन्नास मिनिटं दिली. आत गेल्या गेल्या सगळे तोंडाजवळच्या सिंहाचे फोटो काढत बसतात. तुम्ही सरळ मागच्या टोकाला जा. नक्षीकाम तिकडं आहे आणि गर्दी नसते.

---

अर्धा_कप_कॉफी

खाण्याचं कुणी बोललं नाही म्हणून. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बिनधास्त न्या. तूप, पेढे, खव्याचं काही नको, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये आणायला बंदी आहे. माझ्या सासूबाईंचा तुपाचा डबा हेलसिंकीलाच राहिला, त्याचं दुःख त्यांनी ओस्लोपर्यंत केलं.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी चांगलं असतं.

---

टॉवेलवाली_सोलापूर

सगळ्यांचे आभार. साडेचार हजारवाली सफर रद्द. मुलानं सिटी हॉलचं बघून ठेवलंय. पहिल्या रांगेसाठी भांडायला मी तयार आहे, हे लाजतायत.

---

टॉवेलवाली_सोलापूर

आलो परत. चार दिवस झोपच काढत होतो, तिकडं रात्री दहाला उजेड आणि इथं उतरल्यावर घाम. आता लिहिते.

पहिली रांग मिळाली, भांडावं लागलं नाही. गाईड बाई सत्तरीच्या आसपासच्या, पांढरे केस, पायात चांगले मजबूत बूट. त्यांचं इंग्रजी इतकं सावकाश की मला शाळेतल्या बाई आठवल्या. आधी बस फ्येलगाटान नावाच्या रस्त्यावर उंचावर थांबली. खाली पाणी, पाण्यात बेटं, बेटांवर गाव. चौदा बेटांवर वसलंय म्हणाल्या. सिद्धेश्वर तळ्यात एकच देऊळ बघायची आपली सवय, इथं तळंच गावभर पसरलेलं.

तिथंच रस्ता ओलांडताना ह्यांनी आपल्या सवयीनं उजवीकडं बघितलं आणि डावीकडून सायकल आली. बाईंनी ह्यांची बाही धरून मागं ओढलं. हे ओशाळले. त्या म्हणाल्या, ओशाळू नका, आमच्याकडंही गाड्या डावीकडूनच चालायच्या. ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे पाचला सगळ्या देशानं एकदम बाजू बदलली. तेव्हा त्या शाळेत होत्या आणि त्यांची आजी पुढं कितीतरी दिवस घरातून निघताना हाताला दोरा बांधायची, कुठल्या बाजूला बघायचं ते आठवावं म्हणून. बसमध्ये परत बसेपर्यंत हे त्यांचे भक्त झाले होते.

मग वासा. नव्या पेठेतल्या दादांचं ऐकून सरळ मागच्या टोकाला गेलो. फोटोत काहीच कळत नाही हो. अंधारात चार-पाच मजली काळं लाकूड उभं राहतं, वासही येतो की काय असं वाटतं. बुडताना साधारण तीस माणसं गेली. आत शिडंसुद्धा सापडली, सहा. मी बाईंना विचारलं, कापड कसं टिकलं? त्यांनी थोडं सांगितलं, पण सूत किती नंबरचं असेल हे त्यांना सांगता येईना. माझीच हौस.

जहाज बुडालं ते वर जड आणि खाली हलकं म्हणून. तोफांचे दोन मजले वर चढवले आणि तळात पुरेसे दगड नव्हते. निघायच्या आधी चाचणी घेतली होती, तीस माणसं या कडेपासून त्या कडेला पळवली. तिसऱ्या फेरीला जहाज असं काही डुलायला लागलं की चाचणीच थांबवली. राजा लांब लढाईवर, त्याची पत्रावर पत्रं, लवकर पाठवा. मग कोण बोलणार?

पुढचं ऐका. बाईंनी कठड्यावर दोन्ही हात ठेवून अंतर दाखवलं. जहाजात सुतारांच्या चार पट्ट्या सापडल्या. दोन स्वीडनच्या, बारा इंचांचा फूट. दोन ॲमस्टरडॅमच्या, अकरा इंचांचा फूट. एकाच जहाजावर दोन मापांनी काम चाललेलं. डावी बाजू उजवीपेक्षा भारी भरली त्यात ह्या पट्ट्यांचाही हात असावा, असं त्यांचं म्हणणं. ग्रुप पुढं सरकला. हे कठडा धरून तिथंच.

मी म्हटलं, गुडघा दुखतोय का? तर म्हणाले, ती टेप मीच दिली होती.

मंडळी, आता आमच्या घरातलं सांगते. साधारण २००४ ची गोष्ट. एक ऑर्डर परत आली, बाराशे टॉवेल, तीस इंच पन्ह्याचे पाहिजे होते आणि निम्मे एकतीसचे निघाले. चौकशी केली तेव्हा कळलं, एका जॉबरनं, म्हणजे माग लावून देणाऱ्या कारागिरानं, पन्हा ठरवणारी मागाची फणी स्टीलच्या टेपनं मोजून लावली होती आणि दुसऱ्यानं कापडी टेपनं. ती टेप वापरून वापरून ताणलेली. त्या दुसऱ्या जॉबरची आठवड्याची हजेरी कापली. महिनाभरात तो काम सोडून गेला. ती टेप त्यानं कुठून आणली हे कुणी विचारलंच नाही. माझ्या शिलाई मशीनच्या खणातली होती. मलाही वीस वर्षांनी स्टॉकहोममध्ये कळलं.

बाई आम्हाला शोधत परत आल्या. ह्यांनी त्यांना विचारलं, मग शिक्षा कुणाला झाली? त्या म्हणाल्या, कुणालाच नाही. जहाज बांधणारा मुख्य कारागीर आदल्याच वर्षी वारला होता आणि मापं राजाला मंजूर होती. राजाला कोण शिक्षा करणार? हे मला मराठीत म्हणाले, आपल्याकडं जॉबरला झाली.

बाकी पटपट सांगते. सिटी हॉल छान. निळा हॉल म्हणतात तो लालच आहे, विटा इतक्या सुंदर दिसल्या की निळा रंग द्यायचं वास्तुविशारदानं रद्द केलं, नाव राहिलं. नोबेलचं जेवण तिथंच होतं. पायऱ्या बुटक्या आणि रुंद. तिथल्या गाईडनं सांगितलं, वास्तुविशारदानं बायकोला लांब झग्यात वर-खाली चालायला लावून त्या ठरवल्या. ह्यांचा गुडघा एकदाही वाजला नाही, त्या बाईचे उपकार. सोन्याच्या हॉलमध्ये १ कोटी ८० लाखांच्या वर बारके तुकडे बसवलेत. बघताना मान दुखते.

संध्याकाळी गाम्ला स्तान आमचं आम्ही. एक बोळ नव्वद सेंटीमीटर रुंदीचा, लोक फोटोसाठी रांग लावतात. साखर पेठेत ह्याहून अरुंद बोळात स्कूटर घालतात, पण असो. राजवाड्याजवळ फिनिश चर्चच्या मागं अंगणात लोखंडाचं एक पोरगं गुडघे पोटाशी घेऊन बसलंय, वीतभरही नाही, पंधरा सेंटीमीटर. चंद्राकडं बघतंय म्हणे. लोक त्याला लोकरीच्या टोप्या विणून घालतात, समोर नाणी ठेवतात. जूनमध्येही डोक्यावर एक लाल टोपी होती. माझ्या पर्समध्ये आमच्या मागावरचा फेस टॉवेलचा नमुना होता, तो खांद्यावरून पांघरला. दोन वेढे बसले. काठ हिरवा आला समोर.

कडक भाकरी सगळी संपली. चटणी गाईडबाईंना दिली, त्यांनी चमच्यानं नुसतीच खाल्ली आणि नळाकडं पळाल्या.

---

मेलारेन_काठी

काकू, शनिवारी मुलीला घेऊन त्या पोराला बघून आलो. टोपी बदललीय, निळी आहे. टॉवेल आहे अजून.

---

नव्या_पेठेतला

ते सगळं ठीक. त्या जॉबरचं काय? कुठं असतो आता?

---

टॉवेलवाली_सोलापूर

शेळगीला. हे परवा शोधत गेले होते, कापलेल्या हजेरीचे पैसे पाकिटात घालून. तो म्हणाला, कुठली टेप? त्याला काही आठवेना, का आठवून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. पाकीट घेतलं नाही. जहाजाचं मात्र तासभर विचारत बसला. लांबी किती, म्हणाला. ह्यांनी सांगितलं, सव्वादोनशे फूट.

तर म्हणतो, मालक, कुठल्या पट्टीनं?