वाहून गेलेली मोरी पुन्हा तेवढ्याच मापाची बांधायची का?

धागाकर्ता

वादळी पावसात रस्ता तुटतो तो बहुतेक वेळा मोरीपाशी, म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी नेणाऱ्या नळीपाशी. नळीच्या तोंडाशी फांद्या आणि गाळ अडकतो, वरच्या अंगाला पाणी तुंबतं, रस्त्यावरून उलटतं आणि खालच्या बाजूने भराव कापत मागे येतं. सकाळी पाहावं तर मध्ये खड्डा आणि कडेला लोंबणारं डांबर. मग दुरुस्ती होते. त्याच व्यासाच्या नळ्या, वर तोच मुरूम, तीच खडी. पुढच्या मोठ्या पावसात पुन्हा तीच जागा तुटते.

माझं स्पष्ट मत आहे की एकदा वाहून गेलेली मोरी त्याच मापाची बांधायला मंजुरीच मिळू नये. व्यास दुप्पट केला आणि उतार तोच ठेवला, तर पूर्ण भरून वाहणारी नळी साधारण सहापट पाणी नेते. शेजारी आणखी एक तशीच नळी टाकली तर फक्त दुप्पट. शिवाय हवा १ अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. जुन्या पावसाच्या आकड्यांवर ठरवलेली मापं आता पुरणार कशी?

प्रतिसाद : निवृत्त अभियंता

हा नियम झाला तर लोक महिनोन्‌महिने अडकून पडतील. एका वादळात एक मोरी जात नाही, एकाच तालुक्यात चाळीस जातात. प्रत्येकीसाठी पाणलोट मोजा, संकल्पचित्र काढा, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, मग कार्यारंभ आदेश. तोवर बाळंतीण दवाखान्यात कशी न्यायची? नळ्या गोदामात पडून असतात. एक जेसीबी आणि दोन दिवस मिळाले की रस्ता सुरू. मी हे काम केलंय. लोक तेव्हा पुराचा अभ्यास मागत नाहीत, रस्ता मागतात आणि त्यांचं बरोबर असतं.

धागाकर्ता

दोन दिवसांत रस्ता जोडायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्या जोडणीलाच पक्कं काम म्हणून बिल काढून फाइल बंद करण्याला.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पावसाने तिथल्या शेकडो मोऱ्या आणि रस्ते गेले. सरकारी मदतीचा मूळ नियम तेव्हा ‘वादळाआधी होतं तसं’ उभारण्याचा होता. मोठी मोरी हवी तर आधीपासून लागू असलेलं लेखी मानक दाखवावं लागत होतं. त्यावरून तिथे बराच वाद झाला. पण त्याच पुरात व्हाइट नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या दोन मोऱ्या टिकल्या, कारण त्या ओढ्याच्या पात्राची रुंदी आणि तळ धरून बांधल्या होत्या. म्हणजे मानक वादळाच्या आधीच लिहून ठेवायला हवं, नंतर भांडून काही हाती लागत नाही.

प्रतिसाद : पंचायत सदस्य

तुम्ही दोघंही बांधकामावरच बोलताय. मोरी मुळात तुंबलीच का? पावसाआधी तोंडातला गाळ काढला नाही म्हणून. सहापट पाणी नेणारी नळी अर्धी मातीने भरलेली असेल तर तिचं गणित कागदावरच राहतं. गाळ काढायला फावडं, घमेलं आणि चार माणसांची मजुरी लागते. पण त्यासाठी वेगळा निधी मागितला की तो मंजूर होत नाही. तीच मोरी वाहून गेली की आपत्ती निधीतून मिळतो. या गोष्टीचा मला मनापासून संताप येतो.

प्रतिसाद : ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणारी

माझ्या घराचा विचार कोणी केला का? वरची मोरी लहान आहे म्हणून तिच्यामागे पाणी काही तास थांबतं आणि माझ्याकडे हळूहळू येतं. तुम्ही ती मोठी केली की सगळा लोंढा एकदम माझ्या अंगणात. रस्ता वाचेल, घर जाईल. खालपर्यंतचा ओढा मोजल्याशिवाय वरचं तोंड मोठं करायला माझा ठाम विरोध आहे.

धागाकर्ता

ताई, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरी एक सांगतो. लहान मोरीमागे थांबलेलं पाणी भराव फुटला की एकदम सुटतं, आणि तो लोंढा दगडमातीसकट येतो. तुमच्या घराला तो जास्त धोक्याचा. पण खालचा ओढा मोजल्याशिवाय माप ठरवू नये, हे मान्य. सरसकट मोठी मोरी हा माझा आग्रह मी सोडतो. काही ठिकाणी रस्त्याचा तेवढाच तुकडा खाली घेऊन काँक्रीटची फरशी करावी. जादा पाणी वरून जाईल. खालच्या बाजूला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) आणि खोल पडदी भिंत (जमिनीत खोल उतरवलेली भिंत) घातली की कापलं जाणार नाही.

प्रतिसाद : निवृत्त अभियंता

फरशी मलाही पटते, ती पुरानंतर लगेच वापरता येते. पण पाणी वरून वाहत असताना रात्री कोणीतरी गाडी घालतोच. वाहत्या पाण्यात फूटभर खोलीतही हलकी गाडी सरकते. म्हणून दोन्ही टोकांना खोलीच्या पट्ट्या आणि अडथळा याच अंदाजपत्रकात धरायचा, नंतर बघू म्हणायचं नाही. आणि तात्पुरत्या नळ्यांचं बिल खर्चाच्या वेगळ्या शीर्षाखाली काढायचं, पक्क्या कामाची मुदत त्याच आदेशात लिहून. एवढं मान्य असेल तर माझी मूळ हरकत निम्म्याहून कमी राहते. मोठ्या मोरीच्या सरसकट सक्तीला मात्र मी अजूनही विरोधच करीन.