ऑल्मस्टेडचं मोठेपण कशात? उघड्या बागेत की झाकलेल्या कामात?

(एक चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पाणंद

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेडचं नाव निघालं की चर्चेला लगेच दोन टोकं फुटतात. एकीकडे ‘लँडस्केप आर्किटेक्चरचा (बागा नि मोकळ्या जागा आखण्याच्या शास्त्राचा) जनक’ म्हणून आरती, दुसरीकडे ‘गरिबांना उठवून श्रीमंतांच्या बग्ग्यांसाठी बाग केली’ म्हणून निकाल. मी पहिल्या बाजूचा आहे, पण कारण वेगळं आहे. त्याचं खरं मोठेपण त्याने डोळ्याआड केलेल्या गोष्टींत आहे.

सेंट्रल पार्कच्या आराखड्यासाठी घेतलेल्या स्पर्धेची अट होती की शहराची वाहतूक बागेतून आडवी जाण्यासाठी चार रस्ते हवेत. त्याने आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्सने १८५८ च्या आराखड्यात ते रस्ते जमिनीच्या पातळीखाली उतरवले. बागेतल्या वाटा त्यांच्यावरून पुलांनी नेल्या आणि कडेला झाडी लावली. मोटार तेव्हा जन्मालाही आली नव्हती. ७९व्या स्ट्रीटच्या रस्त्यासाठी तर व्हिस्टा रॉक नावाचा खडक सुरुंग लावून पोखरला. मी तिथे गेलो तेव्हा गवतातली वाट चालता चालता खालून बसची घरघर ऐकू आली. कठड्यावरून वाकलो तर बसचं छप्पर थेट पायाखाली. माझ्या पुढे चालणाऱ्या बाईंना आपण रस्ता ओलांडतोय याचा पत्ताही नव्हता.

आणि हे करणारा माणूस कोण, तर पस्तिशीपर्यंत कशातच न टिकलेला. डोळ्यांच्या दुखण्यामुळे येल हुकलं, जहाजावर खलाशी होऊन चीनला गेला, स्टेटन आयलंडवर शेती केली, मग वार्ताहर झाला. १८५७ मध्ये बागेच्या कामावर देखरेखीची नोकरी लागली तोवर त्याने एकही बाग आखलेली नव्हती. तलाव, टेकाडं, कुरणं, सगळं नकाशावरून उतरलंय. तिथे आयतं होतं ते खडक आणि दलदल.

तळटीप

शेवटून तिसरं वाक्य तुम्हीच लिहिलंत: त्याने एकही बाग आखलेली नव्हती. मग पहिलीच इतकी पक्की कशी आखली? कारण शेजारी व्हॉक्स होता.

व्हॉक्स शिकलेला वास्तुविशारद. १८५० मध्ये अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग या बागा आखणाऱ्या अमेरिकनाने त्याला इंग्लंडहून भागीदार म्हणून आणलं. न्यूयॉर्कला मोठी बाग हवी असा धोशा लावणाऱ्यांत डाउनिंग पुढे होता, पण १८५२ मध्ये बोटीच्या आगीत तो गेला. स्पर्धेआधी एगबर्ट व्हिएले या इंजिनियरचा एक आराखडा मान्यही झाला होता. तो बाजूला ठेवून खुली स्पर्धा घ्या म्हणून बागेचा कारभार बघणाऱ्या कमिशनरांच्या मागे लागला तो व्हॉक्स. ऑल्मस्टेडला जोडीला घेतलं तेही व्हॉक्सनेच, कारण ऑल्मस्टेडला जागा पायाखालची ठाऊक होती.

ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कचीही तीच गोष्ट. ऑल्मस्टेड कॅलिफोर्नियात खाणीच्या नोकरीवर असताना फ्लॅटबुश अॅव्हेन्यू या रस्त्याने दुभंगलेली जागा सोडून हद्द बदला, हे ब्रुकलिनच्या लोकांच्या गळी व्हॉक्सने उतरवलं. मग पत्रांवर पत्रं लिहून भागीदाराला परत बोलावलं. सेंट्रल पार्कची लागवड बघणारा ऑस्ट्रियन माळी इग्नाझ पिलाट, पाण्याचा निचरा बघणारा जॉर्ज वॉरिंग, तिथल्याच बेथेस्डा टेरेसचं कोरीवकाम आखणारा जेकब मोल्ड. यांची नावं किती जणांना सांगता येतील? १८९५ मध्ये व्हॉक्स ब्रुकलिनच्या ग्रेव्हसेंड खाडीत बुडून मेला, तेव्हाही श्रेयाची ही गाठ सुटलेली नव्हती.

पाणंद

व्हॉक्सबद्दल पूर्ण मान्य. ‘दोघांची बाग’ असंच म्हणायला हवं. पण रोज हजारो मजूर कामाला लावणं, राजकारण्यांच्या शिफारशींशी झगडणं, पैशासाठी कमिशनरांशी भांडणं हे ऑल्मस्टेडच्या अंगावर होतं. १८६० मध्ये घोडागाडीतून फेकला जाऊन मांडीचं हाड मोडलं, त्याच दिवसांत तान्हं मूल गेलं, आणि हा डोलीत बसून कामाची पाहणी करत फिरला. काम उभं राहायला हेही लागतं.

कुदळफावडं

तुम्ही दोघंही श्रेयावर बोलताय. मी त्या जमिनीवर आधी कोण होतं त्यावर बोलतो. ‘तिथे आयतं होतं ते खडक आणि दलदल’ हे वाक्य, पाणंद, मला फार लागलं. ते खरं नाही.

८२व्या ते ८९व्या स्ट्रीटच्या दरम्यान, बागेच्या पश्चिम कडेला सेनेका व्हिलेज होतं. १८२५ मध्ये बुटांना पॉलिश करणाऱ्या अँड्र्यू विल्यम्स या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने तिथे १२५ डॉलरला तीन प्लॉट घेतले. त्याच्यामागून आणखी कुटुंबं आली. १८५५ पर्यंत सव्वादोनशेच्या आसपास लोक, त्यांतले दोन तृतीयांश कृष्णवर्णीय, बाकी बहुतेक आयरिश. तीन चर्च, एक शाळा, दफनभूमी. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची मालमत्ता लागे, गोऱ्याला अशी अट नव्हती. म्हणजे तिथला जमिनीचा तुकडा हा मताचा हक्क होता. बागेसाठी ही वस्ती उठवली. बागेच्या सगळ्या हद्दीतून मिळून सुमारे १६०० माणसं हलली. वर्तमानपत्रांनी त्यांना झोपड्यांत राहणारे उपरे ठरवलं होतं, आणि तेच ‘खडक आणि दलदल’ बनून आपल्यापर्यंत पोचलं.

रानवाट

यात तारखा बघायला हव्यात. जमीन सक्तीने घेण्याचा कायदा १८५३ चा. ऑल्मस्टेड नोकरीला लागला सप्टेंबर १८५७ मध्ये, म्हणजे लोकांना बाहेर काढण्याचं काम संपत आलं तेव्हा. निर्णय राज्याच्या विधिमंडळाचा आणि शहराचा. त्याचा दोष ऑल्मस्टेडच्या माथी मारणं अन्याय आहे.

वार्ताहर म्हणून तो १८५२ ते १८५४ दक्षिणेतल्या गुलामांच्या मुलखात फिरला आणि गुलामगिरीने मालकासकट सगळा समाज कसा दरिद्री होतो हे न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात लिहिलं. त्याआधी १८५० मध्ये लिव्हरपूलजवळ बर्कनहेड पार्क पाहिलं होतं. ती बाग गरिबालाही तितकीच मोकळी आहे, हे त्याच्या मनावर कोरलं गेलं. ज्या देशात माणसं विकली जातात तिथे सगळ्यांनी फुकट, बरोबरीने यावं अशी जागा बांधायची, हा त्याच्या लेखी राजकीय विचार होता. झाडांचा छंद म्हणून तो यात आलेला नाही.

कुदळफावडं

तारखा मान्य. हुकूम त्याचा नव्हता आणि मी तसं म्हणणारही नाही. पण ‘सगळ्यांसाठी’ या शब्दाकडे जरा थांबून बघू. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीवरच्या १८६५ च्या अहवालात त्याने लिहिलं की अशी निसर्गस्थळं मूठभर श्रीमंतांच्या हाती न जाता सरकारने सगळ्या जनतेसाठी राखावीत. विचार उत्तमच. पण त्याच दरीतून १८५१ मध्ये, अवघ्या चौदा वर्षांपूर्वी, बंदूकधारी तुकडीने तिथल्या मूळ रहिवासी अहवानीची लोकांना हुसकावलं होतं. ज्यांचं घर होतं ते त्या ‘जनतेत’ बसले नाहीत.

सेंट्रल पार्कमध्येही सुरुवातीला गवतावर चालायला बंदी, मोठ्या टोळक्याने सहल करायला बंदी, मालाच्या गाड्यांना बंदी. कष्टकरी तेव्हा मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला राहत. तिथून यायचं तर अख्खा रविवार आणि वर गाडीभाडं. बाग खरंच सगळ्यांची झाली ती पुढे, लोकांनी नियम वाकवायला लावले तेव्हा.

आरेखन

मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून एक वेगळी बाजू.

बॉस्टनचं बॅक बे फेन्स हे उद्यान घ्या. १८७८ पासूनचं काम. मुळात तो सांडपाण्याने नासलेल्या खाडीचा प्रश्न होता. ऑल्मस्टेडने भरती-ओहोटीचं पाणी खेळेल असं पात्र वळवलं, कडेला खाऱ्या पाण्यातलं गवत लावलं, पूर सामावेल इतकी जागा सोडली. दिसायला जुनी दलदल, आतून मलनिस्सारणाची व्यवस्था. १९१० मध्ये चार्ल्स नदीवर धरण झालं, पाणी गोडं झालं आणि त्याची खारी लागवड मेली. तिथे खाऱ्या पाण्यावर चालणारी यंत्रणा आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात राहिलं होतं.

पाणंद, डोळ्याआड काम करण्याची किंमत ही असते. मी उतार काढते, मातीखाली खडीचे थर घालते, पाणी कुठे मुरेल ते बघते. पहिल्या पावसात पाणी साचलं नाही की एका मालकांनी मला प्रामाणिकपणे विचारलं होतं, “इथे तुम्ही नेमकं काय केलं?” मला त्या प्रश्नाचा अभिमानही वाटतो आणि वाईटही वाटतं. पण माझे उतार दिसले नाहीत तर फार तर माझं बिल अडतं. माणसांची वस्ती दिसेनाशी होते तेव्हा हिशेब निराळा. हे दोन ‘न दिसणं’ एका तागडीत घालू नका.

पाणंद

‘खडक आणि दलदल’ हे वाक्य मी मागे घेतो. कुदळफावडं, ते चुकीचं होतं.

सेनेका व्हिलेजच्या जागी २०११ मध्ये उत्खनन झालं. ऑल एंजल्स चर्चचा सेवक विल्यम विल्सन याच्या घराचा पाया सापडला. त्यात लोखंडी किटली होती, भाजायचं भांडं होतं आणि लहान मुलाचा चामडी बूट होता. तोवर दीडशे वर्षं त्यावर गवत होतं, आणि साधी माहितीची पाटी लागली तीसुद्धा २००१ मध्ये. बुडवलेल्या रस्त्यांबद्दलचं माझं मत कायम आहे. पण मी त्या भागातून दोनदा चाललोय, पाटी लागल्यानंतरच, आणि दोन्ही वेळा ती न वाचता पुढे गेलोय.

तळटीप

पुढच्या वेळी ८५व्या स्ट्रीटकडून आत शिरा. पाटी त्याच बाजूला आहे.